दूध पी ऱ्हायना का?

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी पत्र पाठवलं आहे. वय २७, मुलगा २० महिन्यांचा, वजन १० किलो. यजमान सुरतेला लूमवर कामाला, महिन्या-दीड महिन्यातून एकदा येतात. घरी सासू-सासरे. दिवाळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मुलाला सहा वेळा ताप आला. जावेच्या मुलीला दोन वर्षांपूर्वी तापात आकडी आली होती. ते दृश्य ताईंच्या डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून मुलाचं अंग तापलं की त्या रात्रभर दर अर्ध्या तासाला थर्मामीटर लावतात. गावातले डॉक्टर दर वेळी इंजेक्शन देतात, ताप उतरतो, रात्री पुन्हा चढतो, मग दुसरे डॉक्टर. एकदा इंजेक्शननंतर अंगभर पुरळ आलं. एकदा तापाच्या दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून टायफॉईड सांगितला गेला. सहावा ताप आखाजीला माहेरी, भर दुपारी पत्र्याच्या खोलीत आला. औषधाने उतरेना, संध्याकाळी अंगणात कडुलिंबाखाली आंघोळ घातल्यावर आपोआप गेला. सासूबाई म्हणतात, "पोऱ्याले नजर लागी गयी." त्या मिरच्या उतरवून चुलीत टाकतात, गोधडी पांघरतात आणि, ताईंच्या शब्दांत, "थर्मामीटरकडे बघतसुद्धा नाहीत. एवढंच विचारतात, दूध पी ऱ्हायना का? पितोय म्हटलं की आपल्या कामाला लागतात." ताईंचे प्रश्न असे: मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे का? सासूबाईंना समजवायचं कसं? मुलाला घेऊन कायमचं सुरतेला जावं का? आणि पत्राची शेवटची ओळ: "त्याला ताप असताना मी झोपले तर चालेल का?"

प्रिय ताई,

सासूबाईंच्या त्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. तुम्हाला त्यात बेफिकिरी दिसली. पण तापाचं मूल घेऊन कुणी माझ्यासमोर बसलं की मीही आधी तेच विचारते: दूध पितोय का? लघवी कधी झाली? खेळतोय का? ताप किती, हे त्यानंतर. १०३ ताप असलेलं मूल औषधानंतर उठून वाटी-चमचा वाजवत बसलं असेल, तर मी त्याला निवांत तपासते. आणि १०० ताप असलेलं मूल आईच्या खांद्यावर मान टाकून पडलंय, हाक मारली तर बघत नाही, दूध तोंडाला लावलं तर ओढत नाही, असं असेल तर मी रांगेतल्या इतरांना थांबवून आधी त्याला आत घेते. आकडा तीन अंशांनी कमी असूनही.

तुमच्या सासूबाईंनी थर्मामीटरशिवाय मुलं वाढवली. त्या काळात आजारी मूल ओळखायची हीच एक खूण त्यांच्या हाताशी होती, आणि ती खरी होती. त्यांच्या सगळ्याच गोष्टी मी उचलून धरणार नाही. गोधडी आणि मिरच्यांचा धूर यांबद्दल पुढे बोलायचं आहे. पण या घरात तुम्ही एकट्याच काळजी करता आहात, असं मला पत्र वाचून वाटलं नाही.

आता तापाबद्दल. तुम्ही लिहिलंय, "ताप मेंदूत चढला तर?" ही भीती तुमच्या गावापुरती नाही आणि शिक्षण कमी असल्याचंही लक्षण नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी १९८० मध्ये तिथल्या आईवडिलांशी बोलून याच भीतीवर लेख लिहिला आणि तिला 'फीव्हर फोबिया' असं नाव दिलं. तिथेही आया रात्री मुलाला उठवून थर्मामीटर लावत होत्या.

शरीराचं तापमान किती ठेवायचं हे मेंदूतला एक छोटा भाग ठरवतो. जंतू शिरले की तोच भाग मुद्दाम तापमान वाढवतो, कारण वाढलेल्या उष्णतेत जंतूंची वाढ मंदावते आणि शरीराची झुंज जोरात चालते. ताप चढत असताना मुलाला हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात आणि डोकं मात्र तापलेलं असतं. पुष्कळ आया याच वेळी घाबरतात, पण चढत्या तापाची ती नेहमीची रीत आहे. जंतुसंसर्गाचा ताप सहसा १०६ च्या पुढे जात नाही, कारण ताबा मेंदूकडेच असतो. नुसत्या तापाने मेंदू भाजत नाही. मेंदूला इजा होते ती मेंदूज्वरासारख्या आजाराने. त्याची लक्षणं वेगळी असतात: मूल सुस्त होत जातं, उलट्या थांबत नाहीत, मान ताठते, तान्ह्याची टाळू फुगते.

काखेत थर्मामीटर धरून १००.४ किंवा जास्त आलं तर त्याला ताप म्हणा. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडा कमीच येतो, म्हणून ९९.५ च्या पुढे गेला की लक्ष ठेवायला लागा. दर अर्ध्या तासाला मोजायची गरज नाही. दिवसातून तीन-चार वेळा पुरे, आणि औषध द्यायच्या आधी एकदा.

आकडीबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमच्या सगळ्या जागरणाचं मूळ तिथे आहे असं वाटतं.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. डोळे वर जातात, हातपाय ताठतात, झटके येतात, तोंडातून फेस येतो. बघणाऱ्याला वाटतं, मूल गेलं. माझ्या स्वतःच्या मुलीला दीड वर्षाची असताना आली होती. मी तोवर अशी शेकडो मुलं हाताळलेली, तरी त्या रात्री माझे हात थरथरत होते. माझ्या आईने तिला माझ्या मांडीवरून उचललं आणि चटईवर कुशीवर निजवलं. घड्याळ बघायचं भान मला उरलं नव्हतं. दीड-दोन मिनिटं असतील. मला तो अर्धा तास वाटला. ती मुलगी आज इंजिनिअर आहे.

ही आकडी बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते. तिने बुद्धी कमी होत नाही. तुमच्या जावेच्या मुलीला कांदा हुंगवला, चप्पल नाकाशी धरली आणि आकडी थांबली, असं तुम्ही लिहिलंय. कांदा शोधून फोडून आणेपर्यंत दोन मिनिटं जातातच, आणि तेवढ्यात ती तशीही थांबणार असते. पुन्हा कधी प्रसंग आलाच तर मुलाला जमिनीवर कुशीवर निजवा, गळ्याभोवतीचं सैल करा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांपुढे गेली, एका दिवसात दुसऱ्यांदा आली, किंवा थांबल्यावरही मूल भानावर येईना, तर १०८ ला फोन करून निघा. पहिल्यांदाच आली असेल तर लगेच थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आणि ताई, यातली एक गोष्ट तुमच्या रात्रींशी थेट जोडलेली आहे. तापाचं औषध वेळच्या वेळी देऊनही आकडी टळते असं आढळलेलं नाही. पुष्कळदा ती ताप आहे हे घरात कळायच्या आधीच, ताप झपाट्याने चढताना येते. रात्रभर जागून, आकडा मोजून तुम्ही ती थोपवू शकत नाही. तेव्हा जावेकडून कधी काही राहून गेलं असेल आणि म्हणून तिच्या मुलीला आकडी आली, असं तुमच्या किंवा तिच्या मनात असेल तर ते काढून टाका.

आता इंजेक्शन. "त्यांच्या इंजेक्शनने तासाभरात ताप उतरतो, पण रात्री पुन्हा चढतो," असं तुम्ही लिहिलंय. उतरणारच, कारण त्यात बहुधा तापाचंच औषध असतं. आणि चढणारच, कारण आजार अजून संपलेला नसतो. लहान मुलांचे बहुतेक ताप विषाणूंचे असतात आणि तीन ते पाच दिवस चालतात. पहिल्या दिवशी एका डॉक्टरांकडे गेलात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या, चौथ्या दिवशी तिसऱ्या, तर गुण कुणाचा वाटणार? तिसऱ्यांचा. पहिल्यांनी काहीच चूक केलेली नसली तरी.

मूल तोंडाने औषध घेऊ शकत असेल तर साध्या तापात इंजेक्शनने जास्त काही मिळत नाही, उलट धोका वाढतो. लहान मुलाच्या कुल्ल्यावर चुकीच्या जागी सुई गेली तर पायाची मुख्य नस दुखावून पाऊल लुळं पडलेलं मी पाहिलं आहे. म्हणूनच बाळांच्या लशी मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. तरुणपणी एका दवाखान्यात काम करताना मीही गरज नसताना इंजेक्शनं दिली आहेत. आई बारा कोसांवरून आलेली, रिकाम्या हाताने कशी पाठवायची, असं वाटायचं. आज मला त्याचं वाईट वाटतं. पुढच्या वेळी डॉक्टरांना तुम्हीच सांगून बघा, "तोंडाने घेतोय तो, पातळ औषध द्या." बरेच डॉक्टर हे ऐकून सुटकेचा श्वास टाकतील.

पॅरासिटामॉल हे तापाचं सर्वांत सुरक्षित औषध, पण मोजून दिलं तरच. एका वेळी दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम. तुमच्या १० किलोच्या मुलाला १०० ते १५० मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार, शक्यतो सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आता घरातल्या बाटल्या उजेडात आणा. एकीवर '५ मिलीमध्ये १२० मिग्रॅ' असेल, दुसरीवर '५ मिलीमध्ये २५० मिग्रॅ'. आणि थेंबांची छोटी बाटली असेल तर तिच्यात एकाच मिलीत १०० मिग्रॅ असतं. पहिलीतलं ५ मिली तुमच्या मुलाला बरोबर. दुसरीतलं अडीच मिली पुरतं. आणि थेंबांच्या बाटलीतलं एक ते दीड मिली. ही छोटी बाटली तान्ह्याची म्हणून सौम्य असेल, अशा समजुतीने कुणी त्यातलं ५ मिली पाजलं तर एका घोटात ५०० मिग्रॅ पोटात जातं, आणि असं दोन-चारदा झालं तर यकृताला इजा होऊ शकते. घरातला स्टीलचा चमचा वापरू नका, प्रत्येक घरचा चमचा वेगळा. बाटलीबरोबर येणारं खुणांचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. सर्दी-तापाच्या मिश्र औषधातही पॅरासिटामॉल असतंच, ते आणि हे दोन्ही एकदम दिलं तर डोस दुप्पट होतो.

औषध कशासाठी द्यायचं? अंगदुखी, चिडचिड, न पिणं यांसाठी. आकडा खाली आणण्यासाठी नव्हे. शांत झोपलेल्या मुलाला उठवून औषध पाजायची गरज नाही.

ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात २०११ मध्येच बंदी आली आहे. घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्या. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड ही दोन नावं बाटलीवर वाचायची सवय लावा. डेंग्यूची शंका असताना ती रक्तस्राव वाढवू शकतात, म्हणून पावसाळ्यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. खोकल्याचं पातळ औषध चार वर्षांखालच्या मुलाला दुकानातून परस्पर आणून देऊ नका. २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात अशाच औषधातल्या विषारी द्रव्यामुळे लहान लेकरांच्या किडन्या निकामी झाल्या आणि कितीतरी दगावली. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

तुमच्या सहा तापांकडे वळू. न तपासता पत्रावरून निदान करणं बरोबर नाही, पण काही शक्यता सांगते, कारण अशाच शंका इतर आयांनाही असतात.

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि अंगावर गुलाबी पुरळ आलं, ते इंजेक्शनची रिॲक्शन म्हणून तुम्ही धरलंत. सहा महिने ते दोन वर्षं या वयात रोझिओला नावाचा एक विषाणूचा ताप नेमका असाच वागतो: तीन-चार दिवस जोरात ताप, मग एकदम उतार, आणि उतारानंतर पुरळ. दोन दिवसांत तेही जातं. तुमच्या मुलाचं पुरळ हे असू शकतं. तरी ते इंजेक्शन कोणतं होतं हे कागदावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना ठरवता येईल.

टायफॉईडचं म्हणाल, तर विडाल नावाची ती रक्ततपासणी तापाच्या दुसऱ्या दिवशी करून फारसं काही कळत नाही. शरीरात ती खूण उमटायलाच आठवडाभर लागतो, आणि दुसऱ्या तापांतही ती खोटी उमटू शकते. टायफॉईड दिवसागणिक पायरी-पायरीने चढतो आणि औषधाविना आठवड्याच्या पुढे रेंगाळतो. तुमच्या मुलाचा ताप तिसऱ्या दिवशी गेला होता. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. कान, घसा, छाती, लघवी यांत जिवाणूंचा संसर्ग झाला तर ते लागतं आणि तेव्हा पूर्ण दिवसांचं द्यायलाच हवं. ताप आहे पण सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत, असं दोन दिवस चाललं तर लघवी तपासून घ्या. मुलींमध्ये हे जास्त सापडतं. सर्दीनंतर मूल रात्री कान ओढून रडत असेल तर डॉक्टरांना कानात बघू द्या, तेल घालू नका. आणि दात येण्याने १०२-१०३ ताप येत नाही. दातांवर ढकलून बऱ्याच जणी दोन-तीन दिवस घालवतात.

सहा महिन्यांत सहा ताप ऐकायला फार वाटतात. पण पाच वर्षांखालच्या चांगल्या धडधाकट मुलालाही वर्षातून सहा ते आठ वेळा असले सर्दीताप होतात, अंगणवाडीत जायला लागल्यावर आणखी. प्रत्येक नवा विषाणू शरीर एकदा ओळखून घेतं. मला काळजी कधी वाटली असती? वजन वाढत नसतं, दोन आजारांच्या मध्ये मूल खेळत-खात नसतं, न्यूमोनियासाठी दोनदा दवाखान्यात भरती करावं लागलं असतं, तर. तुमचा मुलगा १० किलोचा आहे आणि तुम्हीच लिहिलंय की ताप गेला की घर डोक्यावर घेतो. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या महागड्या टॉनिकवर पैसे घालू नका. लसीकरणाचं कार्ड मात्र काढून बघा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो, म्हणजे तुमच्या मुलाची वेळ आत्ता चालू आहे. सोबत 'अ' जीवनसत्त्वाचा डोसही असतो. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप आला तर घाबरू नका. गोवराच्या लशीनंतर तो आठवड्याभरानेही येऊ शकतो.

आखाजीचा ताप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मला शंका आहे की तो ताप नव्हताच. आपल्याकडे त्या दिवसांत पारा ४३-४४ वर असतो. पत्र्याची खोली, भर दुपार, पाहुण्यांची गर्दी, अंगावर नवे नायलॉनचे कपडे, वर गोधडी. लहान मुलाला घाम टाकून शरीर थंड करणं मोठ्यांइतकं जमत नाही. अशा वेळी अंग तापतं ते बाहेरच्या उष्णतेने. मेंदूने तापमान वाढवलेलं नसतं, म्हणून पॅरासिटामॉल चालत नाही, आणि सावली, वारा, पाणी लगेच चालतं. तुम्ही लिंबाखाली नेऊन आंघोळ घातलीत, तोच खरा उपाय होता. तुम्ही ते अंदाजाने केलंत आणि बरोबर केलंत.

तेव्हा चैत्र-वैशाखात मुलाचं अंग गरम लागलं तर आधी कपडे कमी करा, गार खोलीत किंवा झाडाखाली न्या, पाणी-ताक पाजा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पाणी नको, अंगावर जास्त वेळा घ्या. आणि उन्हातून आलेलं मूल १०४ च्या वर तापलंय, बडबडतंय किंवा गळून पडलंय, तर तो उष्माघात समजा: अंग ओलं करा, वारा घाला, १०८ बोलवा, आणि गाडी येईपर्यंत ओलं करणं थांबवू नका.

गोधडीचा प्रश्न यातच सुटतो. हुडहुडी असेल तेवढा वेळ पातळ चादर, हुडहुडी थांबली की काढायची. उलट टोकाला जाऊन बर्फाच्या पट्ट्याही नकोत. गार पाण्याने मूल कुडकुडतं आणि कुडकुडण्याने ताप वाढतोच. कपाळावर साध्या पाण्याची पट्टी मुलाला आवडत असेल तर ठेवा, ओढून फेकत असेल तर राहू द्या.

नजर उतरवण्याला माझा विरोध नाही. नातवासाठी जीव तुटतो म्हणून आजी ते करते. फक्त मिरच्या चुलीत टाकून खोलीत ठसका होतो, तो खोकणाऱ्या मुलाच्या छातीला वाईट. सासूबाईंना सांगा, मीठ-मोहरीने उतरवा आणि बाहेर अंगणात टाका. गोवर-कांजिण्यांत लिंबाचा पाला उशाशी ठेवणारी, फोडणी बंद करणारी घरं आपल्याकडे अजून आहेत. पाला ठेवा, पण अन्न, औषध आणि डॉक्टर बंद करू नका. ज्या देवीच्या रोगापासून हे सगळं आलं, तो १९७५ नंतर देशात कुणालाही झालेला नाही. गोवर मात्र आजही न्यूमोनिया करून मुलं नेतो.

डेंग्यूबद्दल एकच सांगते, कारण इथे घरोघरी चूक होते. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि सगळे निःश्वास टाकतात. डेंग्यूत धोका नेमका तिथून सुरू होतो. ताप उतरल्यावर मूल खेळायला लागलं पाहिजे. त्याऐवजी पोट दुखतंय, उलट्या होताहेत, हातपाय थंड, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी, तर त्याच तासाला भरती करा. नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येणाऱ्या आपल्या गावांत ड्रम, रांजण आणि कूलरची टाकी हीच त्या डासाची घरं. आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासायला हवीत. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून वाचणाऱ्यांनी थंडी वाजून आलेला कुठलाही ताप आधी हिवताप धरावा आणि आशाताईंकडून त्याच दिवशी बोटातल्या रक्ताची तपासणी करून घ्यावी.

कधी घाई करायची? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला की विचार करत बसायचं नाही, रात्री दोन वाजलेत तरी निघायचं. मोठ्या मुलात: काहीच पीत नाही, सगळं उलटून टाकतं, आठ तासांत लघवी नाही, हाक मारून जागं होत नाही, श्वास जोरात चाललाय, ताप १०४ च्या वर आहे, किंवा ताप चौथ्या दिवशीही कमी होत नाही. पुरळावर काचेचा ग्लास दाबून बघा. दाबल्यावर फिकं न होणारं लाल-जांभळं पुरळ असेल तर तेही लगेच दाखवायचं.

श्वास मोजायला शिका. ते थर्मामीटरपेक्षा उपयोगी आहे. मूल झोपलेलं किंवा शांत असताना सदरा छातीपर्यंत वर करायचा आणि मोबाईलच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट पोटाचं वर-खाली मोजायचं. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळात ५० किंवा जास्त, दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ज्याला आपण पोट उडतंय म्हणतो, तर आकडा न बघताच निघायचं. घरापासून ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता, रात्री गाडी कुणाची मिळेल, हे आजच ठरवून ठेवा.

सुरतेबद्दल. जावं की नाही हे मी सांगणार नाही, पण तापासाठी जाऊ नका एवढं सांगते. तिथेही वर्षाला सहा-आठ ताप येतीलच, आणि एका खोलीत, यजमान पाळीवर असताना, तुम्ही खरोखर एकट्या असाल. इथे निदान दूध पितोय का विचारणारं माणूस आहे. नवऱ्याबरोबर राहावंसं वाटतं, ही इच्छा मात्र तिच्या जागी पूर्ण रास्त आहे. ती मांडायला मुलाच्या आजाराचं कारण पुढे करावं लागू नये. यजमानांशी ते सरळ बोला, मूल बरं असतानाच्या एखाद्या शांत रात्री.

तुमच्या पत्रात आणखी एक बारीक गोष्ट आहे. व्हिडिओ कॉलवर ते दर अर्ध्या तासाने "किती आहे?" विचारतात, आणि तुम्ही त्यांच्यासाठी मोजता. दोनशे किलोमीटरच्या पलीकडे बसून तेही घाबरलेले असतात. त्यांना दुसरं काम द्या. कॅमेरा मुलाच्या पोटावर धरा आणि श्वास त्यांना मोजू द्या. बाटलीवरचं बारीक अक्षर त्यांना वाचू द्या. औषधाची वेळ त्यांच्या मोबाईलमध्ये लावा. आणि एक वही करा: कधी ताप, किती, काय औषध, किती वाजता, लघवी कधी. एकच डॉक्टर धरा, मूल नीट उघडं करून तपासणारे आणि "हे असं झालं तर परत या" असं सांगणारे. त्यांच्यापुढे ती वही ठेवा.

आता तुमची शेवटची ओळ. हो, झोपलात तर चालेल.

निजवण्याआधी त्याला पाजा, लघवी झाली का बघा, सदरा वर करून एकदा श्वास मोजा. चाळीसच्या आत आहे, हाक मारली की बघतोय, एवढं झालं की दिवा मालवा. त्याच्या शेजारीच पडा, हात त्याच्या अंगावर राहू द्या. तहान लागली, अंग दुखलं की तो कुरकुरेल आणि तुम्हाला जाग येईल. थर्मामीटर फळीवर राहू द्या. पहाटे तुमचा डोळा लागलेला असताना सासूबाई दाराशी येऊन विचारतील. त्यांना सांगा, रात्री किती वाजता प्यायला, आणि पुढच्या वेळी त्याला पाजायला त्यांच्याच मांडीवर द्या.